आमचे व्याही कितवे

राजा जातो, पण त्याचा क्रमांक राहतो. राज्यं बुडतात, राजवाडे तिकीट लावून दाखवले जातात, तरी नावापुढे एकदा लागलेला आकडा काळालाही पुसता येत नाही.

निदान असं वाटावं, अशी व्यवस्था या देशात उत्तम ठेवलेली आहे. मी एडिनबरामध्ये तीसएक वर्षं राहते आहे. त्यातली बहुतेक एका हॉस्पिटलच्या तळघरात लोकांचे एक्स-रे वाचण्यात गेली. त्या कामाने एक सवय लागते. माणूस बाहेरून कितीही भारदस्त असो, आत हाडं कुठे आणि कशी आहेत ते आधी बघायचं. राजांच्या क्रमांकांचंही मी तेच केलं, आणि आत फारसं काही निघालं नाही. इंग्लंडचा जो एडवर्ड पहिला म्हणून ओळखला जातो, त्याच्या आधी त्याच देशात त्याच नावाचे तीन राजे होऊन गेले होते. त्यातल्या दोघांना तर चर्चने संत मानलं आहे. पण १०६६ साली नॉर्मन लोक समुद्र ओलांडून आले, त्यांनी देश जिंकला, आणि पुढे केव्हातरी मोजणी तिथून धरायचं ठरलं. आधीचे तिघे मोजणीच्या बाहेर गेले. चौथ्याला पहिला म्हणू लागले आणि कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेऊ शकणारे तिघेही संगमरवराखाली होते किंवा त्याहून वाईट अवस्थेत.

मी मूळची कऱ्हाडची, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. कऱ्हाडच्या एका बाजूला सातारा, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर. एकाच घराण्याच्या दोन गाद्या आणि दोन्हीकडे फिरून फिरून तीच नावं. अमुक महाराज कितवे, याचं उत्तर तुम्ही कोणत्या दिशेच्या एसटीत बसला आहात त्यावर ठरायचं. एरवी आमच्याकडे लोकांनी थोरले आणि धाकटे एवढ्यावर भागवलं. गंमत म्हणजे 'कितवा' हा सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहे, इंग्रजीत नाही. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडूनच तो करायचा राहिला.

स्कॉटलंडमध्ये मात्र या प्रश्नाला धार आहे आणि ती मला आमच्या व्याह्यांनी दाखवली. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. लीथमध्ये, म्हणजे एडिनबराच्या बंदराच्या भागात, जन्मलेले आणि तिथेच राहणारे. इमारतींचे सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले. उंच, विधुर, आणि कोणत्याही भिंतीकडे ती किंचित कलली आहे अशा नजरेने बघणारे. आमची पहिली भेट मुलीचं लग्न ठरलं तेव्हाची. हातात चहा येण्याआधी त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, सध्याची राणी कोण?"

मी म्हणाले, "एलिझाबेथ दुसरी."

"इंग्लंडची दुसरी," ते म्हणाले. "आमची पहिली."

मुद्दा बिनतोड होता. आधीची एलिझाबेथ होऊन गेली ती इंग्लंडमध्ये. तेव्हा स्कॉटलंड वेगळं राज्य होतं आणि त्याचा राजा वेगळा होता. इथे त्या नावाची राणी कधी झालीच नव्हती, तर दुसरी कुठून येणार? राणी गादीवर आली तेव्हा इथे या प्रश्नावरून चांगलाच धुरळा उडाला होता. तिच्या नावापुढे दोनाचा आकडा असलेली एक नवी टपालपेटी एडिनबरामध्ये बसवली, ती लोकांनी आधी रंग फासून, मग हातोडे मारून आणि शेवटी स्फोटकांनी उडवून दिली. प्रकरण कोर्टातही गेलं. राजाने स्वतःला कोणता आकडा लावावा हा राजाचा प्रश्न, असं सांगून कोर्टाने हात धुतले. मग सरकारने तोड काढली, की इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन मोजण्यांत जो आकडा मोठा असेल तो लावायचा. आणि इथल्या टपालपेट्यांवर तेव्हापासून नुसता मुकुट असतो. आकडाही नाही, अक्षरही नाही. सरकार इतक्या मुकाट्याने माघार घेतं हे मला फार आवडलं.

व्याह्यांनी ती माघार मान्य केलेली नव्हती. इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला, माझ्या नणंदेच्या घरी एक लग्न होतं, त्याला ते आले होते. तिथून त्यांनी एका मित्राला पोस्टकार्ड लिहिलं, घराबाहेरच्या टपालपेटीवरचा आकडा बघितला, आणि पोस्टकार्ड कोटाच्या खिशात घालून एडिनबराला परत आणून इथल्या पेटीत टाकलं. मित्र त्यांच्याच गल्लीत राहायचा.

मग राणी गेली आणि नवा राजा आला. नवा राजा चार्ल्स तिसरा. आधीचे दोन्ही चार्ल्स दोन्ही देशांचे राजे होते, त्यामुळे हा इंग्लंडमध्ये तिसरा आणि स्कॉटलंडमध्येही तिसराच. व्याह्यांची बालपणापासून जपलेली तक्रार एका दुपारी निकालात निघाली. ते राजनिष्ठ नव्हते, पण त्या वर्षी मी त्यांना जितकं पोरकं झालेलं पाहिलं तितकं एखाद्या दरबाऱ्यालाही पाहिलं नसेल. आमच्याकडे जेवायला यायचे, भाजीत मीठ बरोबर आहे म्हणायचे आणि गप्प बसायचे.

त्यातच माझ्या मुलीला दिवस गेले. मुलगा आहे असं स्कॅनमध्ये कळलं, आणि व्याही एकदम उठून बसले. कारण त्यांच्याकडे आणखी एक मोजणी शिल्लक होती.

त्यांच्या घराण्यात थोरल्या मुलाला एकच नाव ठेवायची रीत होती. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्याचं आहे त्याचं अजून परवानगी विचारण्यासारखं वय नाही. व्याही स्वतः त्या नावाचे पाचवे. या देशात साधी माणसं नावापुढे आकडा लावत नाहीत, तो मान राजांचा आणि काही जहाजांचा. पण मनातल्या मनात त्यांनी लावलेला होता. सहावे खरं तर आमचे जावई व्हायचे, पण त्यांच्या आईने ऐन वेळी पाय रोवून स्वतःच्या वडिलांचं नाव ठेवलं. इंग्लंडच्या राजांच्या यादीत मध्येच काही वर्षं राजाच नाही, तशी व्याही जावयांच्या पिढीकडे बघत. आता गादी पुन्हा चालू होणार होती.

मुलीला हे कळलं तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून लोणच्याच्या बरणीतून थेट लोणचं खात होती.

"आई, आय अॅम नॉट हॅविंग अ सीक्वल," ती म्हणाली. "सहावा पार्ट कोण बघतं? माझा बाळ आहे, तो कुणाचा नंबर सिक्स नाही होणार."

"नवऱ्याला सांग बोलायला."

"तो? डॅडसमोर तो वॉलपेपर होतो. तू बोल ना. तुझं ते ऐकतात. तुला डॉक्टर म्हणतात."

"अगं, आपण मुलीकडचे," मी म्हणाले. "मुलीकडच्यांनी असं जाऊन सांगायचं नसतं."

"आई, ही इज स्कॉटिश. त्याला माहीतच नाही आपण कुणाकडचे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. आमच्या घरात अवघड बोलणी माझ्याकडे आणि अवघड पार्किंग त्यांच्याकडे अशी वाटणी आहे. ते म्हणाले, "मी तुला दारापर्यंत सोडतो."

मी निघाले ती पूर्ण तयारीने. मला राजांच्या मोजणीतली सगळी भोकं पाठ होती, आणि ज्या माणसाने आयुष्यभर एका आकड्याला खोटं म्हटलं त्याला दुसरा आकडा खोटा पाडून दाखवणं अवघड नव्हतं. व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून नणंदेने वॉटफर्डहून पाठवलेल्या पेढ्यांचा बॉक्स बरोबर घेतला. चूक झाली ती तिथे.

व्याह्यांनी दार उघडलं, बॉक्सकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी मागे वळून बघितलं, कोणी आलंय का. मला आत बसवून त्यांनी कपाटातून नक्षीचे चांगले ग्लास काढले. सकाळचे अकरा वाजले होते. दोन्ही ग्लासांत व्हिस्की ओतून त्यांनी आपला उचलला आणि उभ्यानेच म्हणाले, "सहाव्याला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना पेढे दिले होते. मुलीला कायमची नोकरी लागली तेव्हा दिले होते. दिवस गेल्याचं कळलं तेव्हाही. सर्व्हेअर माणूस, तीन ठिकाणी माप सारखं आलं की नियम धरून चालणारा. आमची रीत ते आमच्यापेक्षा नीट शिकले होते: पेढे आले म्हणजे बातमी आली. वाईट बोलायला जातानाही आपण गोडच घेऊन जातो, हा पाठ मात्र त्यांना कोणी दिला नव्हता.

"हे पेढे नुसतेच आहेत," मी म्हणाले.

"नुसतेच?"

"रिकाम्या हाताने येत नाहीत, म्हणून."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे अजून ठरलेलं नाही."

"ठरलंय. तिला ते नाव नको आहे."

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं, आणि त्यांचं लीथच्या इंग्रजीत, ज्यात प्रत्येक प्रश्न थोडासा आरोप असतो. त्यांनी विचारलं, "नाव नको, का मी नको?"

"आकडा नको. पोराच्या पाठीवर जन्मतः आकडा नको, असं तिचं म्हणणं आहे. आणि खरं सांगायचं तर तुमचा आकडा मलाही पटलेला नाही."

ते बसले. वादाला कोणी भेटलं की माणूस बसतो, हे चांगलं लक्षण. मी त्यांना मोजणीबाहेर राहिलेल्या तीन एडवर्डांची गोष्ट सांगितली. त्यांना ती तपशिलात माहीत नव्हती आणि ती ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला.

"मोजणी इंग्रजांना कधीच जमलेली नाही," ते म्हणाले. "चौथ्याला पहिला. समुद्र ओलांडून आले त्यांच्यापासून सुरुवात. निर्लज्ज लोक."

"तुमच्या घराण्यातला पहिला कोण?"

"माझ्या पणजोबांचे वडील. त्यांनी इथे लीथमध्ये सुतारकामाचं दुकान काढलं."

"त्याआधी कुठे होते?"

"फाइफला. खाडीच्या पलीकडे. मासे धरायचे."

"आणि त्यांच्या वडिलांचं नाव काय होतं?"

"तेच."

"आजोबांचं?"

"तेच. पण डॉक्टर, ते फाइफमध्ये."

"म्हणजे पाणी ओलांडून आले त्यांच्यापासून सुरुवात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे कललेल्या भिंतीकडे बघावं तसं पाहिलं. मी व्हिस्कीचा छोटासा घोट घेतला. वादात इतका सरळ घाव क्वचित बसतो, आणि मला त्याचा आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही.

"बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "त्या दोघांना वगळणं हा इंग्रजी प्रकार झाला. ते मोजायलाच हवेत. मग मी सातवा." त्यांनी ग्लास पुन्हा उचलला. "आणि पोरगा आठवा. आठवा जास्त चांगलं वाटतं."

मी मुलीला सहापासून सोडवायला गेले होते आणि आकडा आठवर नेऊन ठेवला होता.

तरी मी हार मानली नाही. माझ्याकडे आणखी एक राजा होता. मी म्हणाले, "या आकड्यांना अर्थ काय उरतो बघा. एडवर्ड पाचवा बारा वर्षांचा पोर. बाप गेला, हा राजा झाला, आणि राज्याभिषेक व्हायच्या आत काही आठवड्यांत त्याला बाजूला केलं. त्याने राज्य केलं नाही, मुकुट डोक्यावर ठेवला नाही, काहीच केलं नाही. तरी पाचवा म्हणजे तोच. पुढच्याला सहावा व्हावं लागलं."

मला वाटलं होतं, ते पुन्हा इंग्रजांना दोन शब्द ऐकवतील.

त्यांनी विचारलं, "त्याला मोजतात?"

"मोजतात."

"राज्याभिषेक न होता."

"राजा गेला की त्याच क्षणी पुढचा राजा झाला. समारंभ नंतर, झाला तर."

ते पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावत बसले. ते लागलेलंच होतं. मी वाचायला शिकले ती हाडं, चेहरे नाही. पण आता आपण बोलायचं नाही, एवढं मला कळलं.

"माझ्या आधी एक भाऊ होता," ते म्हणाले. "काही आठवडे जगला. त्याला ते नाव ठेवलं होतं. पुढच्या वर्षी मी झालो, तर तेच मला ठेवलं. त्या काळी असं करायचे, कोणाला त्यात काही वाटायचं नाही. आई अंगणातून हाक मारायची, तेव्हा मी दुसऱ्या हाकेपर्यंत थांबायचो. पहिली माझीच आहे अशी खात्री नसायची."

मी विचारलं, "तुम्ही त्यांना कधी मोजलं नाहीत?"

"नाही," ते म्हणाले. "मोजला असता तर मी पाचवा राहिलो नसतो."

खाली रस्त्यावर नवरा गाडी घेऊन दुसऱ्यांदा फेरी मारताना दिसला. लीथमध्ये पार्किंग मिळत नाही.

व्याही उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे म्हणाले, "तुमच्या मुलीला सांगा, तुला हवं ते नाव ठेव. त्या पोराला कोणाच्याही मागे रांगेत उभं करू नका." मग परत येऊन त्यांनी बॉक्स उघडला आणि एक पेढा तोंडात टाकला. "घ्या, डॉक्टर. आता बातमी आहे."

घरी आल्यावर मी मुलीला फोन केला आणि काम फत्ते झाल्याचं सांगितलं. माझ्या आवाजात थोडी ऐट होती. मुलीकडची असून मी व्याह्यांकडून हवं ते मिळवून आणलं होतं. आमच्या घराण्यात हे आजवर कोणाला जमलेलं नाही. ती खूश होईल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या बेबीचा नाव तेच होता?"

"हो."

"ओके," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

मुलगा डिसेंबरमध्ये झाला. नाव काय ठेवणार, हे ती सांगेना. इथे जन्माची नोंद तीन आठवड्यांत करावी लागते, आणि मुदत अगदी संपत आली तेव्हा ती आणि जावई जाऊन नोंद करून आले. संध्याकाळी व्याह्यांना आमच्याकडे बोलावलं होतं. ते दारात बूट काढत असतानाच तिने सांगितलं. तेच नाव.

व्याही एका पायात बूट तसाच ठेवून उभे राहिले.

"बट नो नंबर," मुलगी म्हणाली.

"नंबर नाही," ते म्हणाले.

"मनात पण नाही. प्रायव्हेटली सुद्धा नाही."

त्यांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, त्यामुळे वेळ लागला. "मान्य," ते म्हणाले आणि दुसरा बूट काढला.

नंतर भांडी आवरताना मी तिला विचारलं, की बाई गं, मला तिकडे कशाला पाठवलं होतंस मग. मी वाद जिंकून आले, आणि तू नाव तेच ठेवलंस.

"मला नावाचा प्रॉब्लेम कधीच नव्हता, आई. लाइनचा होता," ती म्हणाली. "ते बिचारे सेवंटी इयर्स त्या नावात गेस्टसारखे राहिले. आता घरात कुणीतरी पाहिजे ना, पहिल्या हाकेला येणारा." मग फडका माझ्या खांद्यावर टाकून म्हणाली, "आणि तू काही जिंकली नव्हतीस. तू सिक्सचा एट केलास."

व्याही दिलेला शब्द पाळतात. नातवाला मांडीवर घेऊन ते बाकी वाटेल ते मोजतात, बोटं, बटणं, रस्त्यावरच्या बस. फक्त त्या नावाचे वारस सोडून. मी एकदा मुद्दाम काडी टाकून बघितली, "अहो, तुमच्या भावाला धरून हिशेब काय होतो?" म्हणाले, "डॉक्टर, मी आता निवृत्त आहे."

नातू आता नर्सरीत जातो. मधल्या काळात ते जुनं नाव इथे पुन्हा फॅशनमध्ये आलं आहे, आणि त्याच्या वर्गात त्या नावाची तीन मुलं आहेत. कोट टांगायच्या खुंट्यांवर चित्रं चिकटवलेली आहेत आणि नर्सरीतल्या बाई त्यावरून त्यांना वेगळं ओळखतात. एकाचा ट्रॅक्टर आहे, एकाचं घुबड. आमची गोगलगाय आहे.